फलाटावरची गोळी



थर्टी फर्स्टच्या रात्री पोरं बाहेर निघाली की आई सांगते, गाडी नेऊ नका, ट्रेनने जा. 'फ्रूटवेल स्टेशन' या अमेरिकी चित्रपटातली आई, वांडा, हेच सांगते. मुलगा, ऑस्कर ग्रँट, तिचं ऐकतो. परतताना डब्यात मारामारी होते, पोलीस त्याला मित्रांसह फ्रूटवेलच्या फलाटावर उतरवतात आणि पालथ्या पाडलेल्या ऑस्करच्या पाठीत एक पोलीस गोळी घालतो. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात १ जानेवारी २००९ च्या पहाटे हे खरोखर घडलं. ऑस्कर २२ वर्षांचा होता.

दिग्दर्शक रायन कूगलर त्याच भागात वाढलेला, कृष्णवर्णीय आणि ऑस्करच्याच वयाचा. हा त्याचा पहिलाच मोठा चित्रपट. २०१३ साली सनडान्स महोत्सवात परीक्षक आणि प्रेक्षक या दोघांचंही पारितोषिक त्याला मिळालं. प्रत्यक्ष प्रवाशांनी मोबाइलवर टिपलेल्या चित्रणानेच तो सुरू होतो. म्हणजे शेवट आधीच ठाऊक. मग पुढे पाहायचं काय? तर ऑस्करचा शेवटचा दिवस.

लेकीला शाळेत सोडायचं, आईच्या वाढदिवसासाठी खेकडे आणायचे, सतत उशिरा गेल्यामुळे सुटलेली दुकानातली नोकरी परत मागायची. मॅनेजर नाही म्हणतो, तसा ऑस्करचा आवाज चढतो आणि बघता बघता आर्जवाची धमकी होते. ऑस्करच्या भूमिकेत मायकेल बी. जॉर्डनने हे फार बारकाईने केलं आहे. ऑस्कर काही संत नाही. तुरुंगात जाऊन आलाय, गांजा विकलाय, घरच्यांशी खोटं बोललाय.

तुरुंगातल्या भेटीचा प्रसंग मात्र चुकवू नका. वांडा त्याला सांगते की यापुढे मी येणार नाही, आणि मिठी न मारताच निघते; तो मागून ओरडत राहतो. पुढे इस्पितळात मिठी मारायची म्हटली तर देहाला हात लावायची परवानगी नसते. काचेपलीकडून त्याला पाहताना ट्रेनने जायला आपणच सांगितलं, हेच तिच्या तोंडी येतं. वांडाच्या भूमिकेतली ऑक्टेव्हिया स्पेन्सर इथे आवाज जराही चढवत नाही.

एक प्रसंग मला खटकला. गाडीखाली आलेलं भटकं कुत्रं ऑस्करच्या हातांत मरतं. हे दिग्दर्शकाने रचलेलं. ऑस्कर कनवाळू होता, हे पटवायची गरजच काय? तो खोटारडा, भांडखोर असता तरी पाठीत गोळी घालायचा हक्क कुणाला नव्हता.

आपण टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार, काढायला गेलो होतो, असं त्या पोलिसाने कोर्टात सांगितलं. ज्यूरीने त्याला खुनाच्या नव्हे, अनवधानाने घडलेल्या मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं. शिक्षा झाली दोन वर्षांची. अकरा महिन्यांत तो सुटला.