वाड्याची चूल पेटती राहू द्या

(गणेशोत्सवातील भाषणाचा गोषवारा)



मी बांधकामाची पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत लागलेला माणूस. भाषणाची सवय नाही, पण इमारती रोज बघतो. म्हणून आज आपल्या घरांविषयीच बोलतो.

बीदरची जुनी पेठ घ्या, भालकी घ्या, बसवकल्याण घ्या. आपले कितीतरी वाडे कुलूपबंद आहेत. मुलं पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला. दार उघडतं ते सणाला, नाहीतर येळवशीला. आणि जुनं घर बंद राहिलं की लवकर मोडतं. माळवदाच्या मातीवर दरवर्षी हात फिरला नाही तर पाणी आत उतरतं, तुळईची टोकं कुजतात, वाळवी लागते. माणसाचा वावर हीच त्या लाकडाची खरी राखण.

मग वावर आणायचा कुठून? ब्रिटनमध्ये लँडमार्क ट्रस्ट नावाची संस्था १९६५ पासून पडायला आलेल्या ऐतिहासिक इमारती दुरुस्त करते आणि सुट्टीसाठी भाड्याने देते. आत स्वयंपाकघर, भांडीकुंडी तयार असते. पाहुण्यांनी आपलं आपण रांधून खायचं. भाड्यातून देखभालीला हातभार लागतो.

आपल्याला हे नवीन नाही. गाणगापूरला पारायणाला बसणारे खोली घेऊन आपला स्वयंपाक आपणच करत आले आहेत. तीच रीत वाड्यात आणायची.

पाहुणे येतील का? बीदरला बहामनी किल्ला आहे, १४७२ चा महमूद गवानचा मदरसा आहे, अष्टूरच्या कबरी आहेत. बसवकल्याण तर चालुक्यांची राजधानी, बसवेश्वरांची कर्मभूमी, आणि मुंबई-हैदराबाद महामार्गाला लागून. आज लोक गाडीतून उतरतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परततात. एखादं कुटुंब दोन रात्री राहिलं, तर ज्वारीचं पीठ, कलबुर्गीची तूरडाळ, शेंगाची चटणी इथल्याच दुकानातून घेईल.

खरी अडचण वेगळीच आहे: वाटणी. गंमत बघा, वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क सांगणारी 'मिताक्षरा' विज्ञानेश्वरांनी लिहिली ती सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, याच कल्याणच्या राजाश्रयाने. पुढे मुलींनाही हा हक्क मिळाला; कर्नाटकात १९९४ च्या दुरुस्तीने, साऱ्या देशात २००५ च्या. तेव्हा एकट्या थोरल्या भावाने ठरवून भागत नाही, बहिणींचीही संमती हवी. १९५६ साली जिल्ह्याची वाटणी होऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. आपल्या कित्येकांच्या आत्या, बहिणी तिकडेच दिलेल्या. त्यांना विचारल्याशिवाय कागद करू नका.

दुसरी गोष्ट. केंद्र सरकारच्या होमस्टे योजनेत एक ते सहा खोल्या, बारा खाटांपर्यंत नोंदवता येतात. पण मालकाचं कुटुंब त्याच घरात राहायला हवं. मला ही अट योग्य वाटते. कारण वाडा आजवर उभा राहिला तो मागे राहिलेल्या काकूमुळे, नाहीतर निवृत्त अण्णांमुळे. झाडलोट त्यांची, घरपट्टीची आठवण त्यांना; हिस्सा मात्र सगळ्यांचा. म्हणून उत्पन्नातला पहिला पैसा छपराला, दुसरा घर सांभाळणाऱ्याला आणि उरेल ते हिश्शाप्रमाणे, असं आधीच लिहून ठेवा.

कामाच्या दोन सूचना. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका, ओल आत कोंडते. आधी संडास-न्हाणी नीट करा, रंग नंतर. पाहुण्यांचं स्वयंपाकघर वेगळं ठेवा, आणि सामिष चालेल की नाही हे खोली देण्याआधीच सांगा. पुढचा मनस्ताप टळतो.

यातून कुणी श्रीमंत होणार नाही. पण बंद वाडा शेवटी जागेच्या भावाने विकला जातो, आणि मग येळवशीला उतरायलाही ठिकाण उरत नाही. गौरी-गणपतीला भाऊ-बहिणी घरी जमतातच. जेवणं झाली की पान खाता खाता हा विषय काढा. वर्षभरात पुन्हा सगळे एकत्र बसतील याची खात्री नाही.

इतकं बोलून थांबतो. गणपती बाप्पा मोरया!