वजनाचा काटा, कमरेचा घेर आणि पावडरीचा डबा

(वसंत व्याख्यानमालेत एका वैद्यकीय व्यावसायिकाने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'वजन कमी करण्याचा शास्त्रीय मार्ग आणि आहारपूरकांचे स्थान' असा विषय दिला आहे. सभागृहातील पहिल्या दोन रांगांकडे पाहता विषयाची निवड योग्य आहे, असे म्हणावयास हरकत नाही. (हशा) परंतु थट्टेचा भाग सोडला, तरी हा विषय आज घराघरांत शिरलेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ ह्या फेरीत देशातील जवळपास एक चतुर्थांश प्रौढ स्त्री-पुरुष अतिरिक्त वजनाचे आढळले.

प्रथम एक प्रश्न निकालात काढू. आपण नेमके कमी काय करावयाचे? वजन की मेद? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन ह्या दोन मित्रांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' ह्या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहभारांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, तंतोतंत सारखा होता : २२.३. शरीरातील मेद मोजला, तेव्हा मात्र युडकिन यांच्या देहात तो ९.१ टक्के भरला आणि आपल्या याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! आपली भारतीय शरीरयष्टी अशी आहे. हातपाय काटकुळे, स्नायू बेताचे आणि पोटावर मात्र मेदाचा साठा. म्हणूनच पाश्चात्त्यांना लावलेला देहभारांकाचा निकष आपल्याला पुरेसा नाही. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी विचारविनिमय करून आपल्यासाठी २३ च्या पुढे अतिरिक्त वजन आणि २५ पासून स्थूलता, अशी मर्यादा ठरविली. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असेही सांगितले. शिंप्याची साधी टेप घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध ती धरावी, श्वास सहज सोडावा आणि मोजावे. पोट आत ओढून मोजू नये. टेपला फसविता येते, स्वादुपिंडाला नाही.

चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या ५३१ जणांवर तीन वर्षे अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. रोज किमान अर्धा तास चालणे आणि आहारात संयम, एवढ्यावर मधुमेह जडण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. आणि लक्षात घ्या, ह्या मंडळींचे सरासरी वजन म्हणावे तसे उतरले नव्हते. काटा जागचा हलला नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात फिरणे सोडून देणाऱ्यांनी हा अभ्यास स्मरणात ठेवावा.

आता आहाराकडे वळू. उपवासाचे नाव काढले, की आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आठवते, ती उगाच नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यावर दाण्याचे कूट आणि तूप. परंतु मला ज्या शत्रूची ओळख करून द्यावयाची आहे, तो ताटात दिसतच नाही. तो तेलाच्या डब्यात असतो. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल येते. एका ग्रॅममधून ९ उष्मांक, म्हणजे निव्वळ तेलातून साधारण ३४०. हाच खप साडेतीन लिटरवर आणला, तर माणशी रोज शंभर उष्मांक वाचतात. एक किलो मेद म्हणजे अंदाजे ७,७०० उष्मांक; कागदावर वर्षाला पावणेपाच किलोंचा हिशेब होतो. प्रत्यक्षात तेवढे उतरत नाही, कारण वजन घटले की शरीरही आपला खर्च आटोपता घेते. तरीही ह्या उपायाला एक पैसा खर्च नाही, उलट दीड लिटर तेलाचे पैसे वाचतात. गृहिणींनी मनावर घेतले, तर घरातील चौघांवर एकाच वेळी उपचार होतो; आणि गृहस्थांनी 'आज भाजीला तवंग नाही' अशी कुरकूर केली नाही, तर तो टिकतोही.

वेग किती असावा? आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झाले. महिन्यात दहा किलो उतरविण्याच्या जाहिराती आपण पाहतो. त्या घाईत जे उतरते त्यात पाणी असते आणि स्नायूही असतात. पुढे वजन परत येते, तेव्हा मात्र गेलेले स्नायू तितक्या प्रमाणात परत येत नाहीत, मेद येतो. मुळातच ज्यांचे स्नायू बेताचे, त्या आपल्या समाजाला हा व्यवहार परवडणारा नाही. म्हणून चालण्याच्या जोडीला स्नायूंना श्रम देणारा व्यायाम हवा. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार अवघ्या संस्थानात केला. त्यासाठी ना यंत्र लागते, ना वर्गणी. गुडघे दुखत असतील, त्यांनी खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठून बसावे.

चरकसंहितेतील सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश ह्या दोहोंचा विचार आला आहे. स्थौल्याच्या कारणांत अतिभोजन, अव्यायाम, दिवसा झोप ही आहेतच. पण 'बीजस्वभाव', म्हणजे आनुवंशिकता, हेही एक कारण स्पष्टपणे दिले आहे. आपल्या लग्नकार्यांत एखाद्या मुलीच्या अंगलटीवरून सर्वांदेखत शेरे मारणाऱ्या मावश्या-आत्यांनी हा शब्द ध्यानी घ्यावा. आहारात यव, कोद्रव, मूग, कुळीथ सुचविले आहेत, आणि व्यायाम क्रमाक्रमाने वाढवावा, असे सांगितले आहे. चरकाचे नाव डब्यावर छापून 'पंधरा दिवसांत फरक' असे लिहिणाऱ्यांनी तो अध्याय उघडून पाहिलेला नसावा.

आता त्या डब्याविषयी. जेवणाऐवजी घ्यावयाच्या पावडरीने वजन उतरते का? उतरते. पण त्यात पावडरीची करामत थोडी आहे. पाचशे-सहाशे उष्मांकांच्या जेवणाच्या जागी दोनशे उष्मांकांचा पेला आला, म्हणून ते उतरते. तेच काम मुगाचे धिरडे आणि ताकही करील. पेला बंद झाला आणि जुने ताट परतले, की वजनही परतते.

'चरबी जाळणाऱ्या' गोळ्यांची गोष्ट निराळी. कोकणातील आमसुलाचा एक केरळी भाऊबंद आहे, गार्सिनिया. तिकडे माशाच्या कालवणात तो आंबटपणासाठी घालतात. त्याचा अर्क वजन घटवितो, असा गाजावाजा झाला. १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १३५ जणांवरील बारा आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. अर्क घेणारे आणि बिनऔषधी गोळी घेणारे, यांच्यात फरक दिसला नाही. उलट, पुढे अशा अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी झाल्या आहेत. कालवणातील आंबट फोड आणि कुपीतील तीव्र अर्क यांत फरक आहे. ग्रीन टीच्या अर्काचेही तसेच. त्याहून भयंकर प्रकार म्हणजे 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत सिब्युट्रामिन लपविलेले आढळले आहे. रक्तदाब आणि हृदयाची गती वाढविणारे हे औषध भारतात २०११ सालापासून बंदीखाली आहे. भूक अचानक मेली, छातीत धडधड सुरू झाली, झोप उडाली, तर 'गुण येतो आहे' असे समजू नये. गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावे.

कायदा काय म्हणतो? स्थूलता बरी करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या जादूटोणा-औषधी जाहिरातविषयक कायद्याने निषिद्ध आहे. त्याच्या परिशिष्टात स्थूलतेचे नाव आहे. आहारपूरकांना २०१६ पासून स्वतंत्र नियमावली आहे आणि 'औषधी उपयोगासाठी नाही' हे शब्द डब्यावर असावे लागतात. बारीक अक्षरांत का होईना, डबा स्वतःच खरे सांगतो.

परंतु आपल्या वर्गात हा डबा जाहिरातीमुळे येत नाही. तो ओळखीने येतो. शेजारच्या वहिनी, कार्यालयातील सहकारी, आपल्याच मंडळातील एखादा उत्साही तरुण तो घेऊन येतो. वर्षानुवर्षांच्या संपर्कातून जो विश्वास निर्माण झाला, त्यावर हा व्यापार उभा राहतो. पाहुण्याला नाही म्हणणे आपल्याला जमत नाही, आणि विकणाऱ्याला आपल्या प्रकृतीची काहीच माहिती नसते. मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना रात्रीचे जेवण सोडून पेला घेतला, तर मध्यरात्री साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. 'आता गोळी बंद केली तरी चालेल,' हे वाक्य तर परिचिताने कधीही उच्चारू नये. अधिकार नसताना औषधोपचाराचा सल्ला देणे ही सेवा नव्हे, मग त्यामागील भावना कितीही शुद्ध असो. येथे कार्यकर्ते बसलेले आहेत म्हणून हे मुद्दाम बोलतो. संपर्काची वही आणि विक्रीची वही एक करू नये.

मग आहारपूरके सर्वथा त्याज्य का? मुळीच नाही. उणीव असेल तेथे ती हवीतच. बी-१२ हे जीवनसत्त्व निसर्गतः प्राणिज अन्नातच मिळते. शाकाहाऱ्यांना दूध-दह्यातून थोडेफार. त्यातच मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ते आणखी घटते. हातापायांना मुंग्या येत असतील, तर तपासणी करून गोळी घ्यावी; त्यात कमीपणा नाही. 'ड' जीवनसत्त्वाच्या साठ हजार एककांच्या पुड्या मात्र सांगितलेल्या मुदतीपलीकडे स्वतःच चालू ठेवू नयेत. ते शरीरात साठते आणि रक्तातील कॅल्शियम वाढविते. प्रथिनांची गरज दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसास पन्नास ग्रॅम. दोन वेळा घट्ट वरण, वाटीभर उसळ, पेलाभर दूध, दही, भाकरी. बहुतेकांची गरज एवढ्यात भागते. दात नसलेल्या, अन्न जात नसलेल्या आजोबांना प्रथिनांची पावडर उपयुक्त ठरेल. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना तिला हात लावू नये.

शेवटी, ज्याविषयी अनेकांनी आल्या आल्या विचारले, ती इंजेक्शने. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये आपल्या बाजारात आले. ही पूरके नव्हेत, प्रभावी औषधे आहेत. योग्य रुग्णाला त्यांचा लाभ होतो. मात्र सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परतले, असे एका चाचणीत दिसले आहे. म्हणून सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : मला ते का हवे, किती काळ हवे, आणि त्या काळात माझे स्नायू राखण्यासाठी मी काय करावयाचे. मुलीच्या लग्नापुरते दोन महिने घेण्याची ही वस्तू नाही.

प्रश्नांसाठी वीस मिनिटे राखून ठेवली आहेत. कार्यकर्ते चिठ्ठ्या गोळा करतील. चालू असलेल्या औषधांची नावे चिठ्ठीत अवश्य लिहावीत, म्हणजे उत्तर देणे सोपे जाईल.