पेशीच्या सरहद्दीवरील कारभार



जीवशास्त्राच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून, ज्या विषयाच्या अभ्यासात माझी हयात गेली त्याविषयीच चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मी मागतो. पेशीविभाजन म्हटले की आपल्या पाठ्यपुस्तकांत गुणसूत्रांचे वर्णन पानेच्या पाने येते, आणि एका पेशीच्या प्रत्यक्ष दोन पेशी होतात कशा, हा प्रश्न मात्र शेवटच्या वाक्यात उरकला जातो. माझे सांगणे एवढेच की, गुणसूत्रांची वाटणी कितीही चोख झाली तरी, पेशीच्या सरहद्दीवरील प्रथिनांनी आपली कामगिरी बजावल्याखेरीज प्राणिपेशीचे विभाजन सिद्धीस जात नाही.

ही सरहद्द म्हणजे पेशीपटलाला आतून बिलगलेला, ॲक्टिनच्या तंतूंचा व मायोसिनच्या रेणूंचा, एका मायक्रोमीटरहूनही पातळ असा थर. विभाजनाची वेळ येताच हा थर ताठर होतो आणि पसरट पेशी गोल बनते. मोएसिनसारखी प्रथिने त्याला पटलाशी सांधून ठेवतात. पुढे गुणसूत्रे दूर सरली की, त्यांना वेगळे करणाऱ्या तंतुरचनेच्या, म्हणजे तर्कूच्या, मध्यभागाकडून संदेश निघतो. एक्ट-२ या प्रथिनाच्या मार्फत ‘ऱ्हो’ हे प्रथिन मध्यवृत्तावरील अरुंद पट्ट्यातच कार्यान्वित होते, त्याच्या हुकमाने फॉर्मिन ॲक्टिनचे नवे तंतू वाढविते, मायोसिन ते तंतू ओढू लागते, ॲनिलिन व सेप्टिन ही सारी जुळणी पटलाशी जखडून धरतात, आणि बटव्याची नाडी ओढावी तसे ते वलय आवळत जाऊन पेशीच्या मध्यावर खाच पडते. मात्र नाडी आवळली म्हणून तिचे धागे सुटत नाहीत, येथे तसे नाही. हे वलय आकसत असता फारसे जाड होत नाही, कारण आकुंचनाबरोबरच त्याचे तंतू सुटत जातात.

हे ज्ञान आपणांस कसे लाभले, तो इतिहास मला विशेष मोलाचा वाटतो. 1956 साली जपानमध्ये हिरामोतो यांनी सी अर्चिनच्या अंड्यातून योग्य क्षणी तर्कूच काढून घेतला, तरीही अंडे दुभंगले. म्हणजे संदेश एकदा पोहोचल्यावर पुढची अंमलबजावणी सरहद्दच करते, हे सिद्ध झाले. 1961 साली अमेरिकेत रे रॅपपोर्ट यांनी सँड डॉलर या सागरी प्राण्याच्या अंड्यावर काचेचा बारीक मणी दाबून त्याला कड्याचा आकार दिला. दुसऱ्या विभाजनाच्या वेळी, दोन तर्कूंच्या पाठीला पाठ लागलेल्या टोकांमध्ये, जेथे गुणसूत्रे मुळी नव्हतीच, तेथेही खाच उमटली. पुढे 1977 साली माबुची आणि ओकुनो यांनी तारामाशाच्या पेशीत मायोसिनविरोधी प्रतिपिंडे टोचली, तेव्हा केंद्रकांचे विभाजन बिनदिक्कत चालू राहिले, पण पेशी काही विभागली नाही.

पेशी दुभंगण्याचा हा शेवटचा टप्पा चुकला तर एकाच पेशीत दोन केंद्रके उरतात. यकृतात व हृदयाच्या स्नायूंत अशा पेशी निरोगी शरीरातही आढळतात. परंतु पी-53 या रक्षक प्रथिनाच्या अभावी दुप्पट गुणसूत्रांच्या पेशी अर्बुदाकडे वळू शकतात, हे 2005 साली उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नाही. तो वैद्यकाच्याही जिव्हाळ्याचा आहे.

म्हणून या व्यासपीठावरून मी अध्यापकवर्गाला एक विनंती करतो. आपल्या महाविद्यालयांत पेशीविभाजनाचे प्रात्यक्षिक बहुधा कांद्याच्या मुळाच्या टोकावर होते, आणि ते सोयीचे असले तरी वनस्पतिपेशी आवळली जात नाही, तिच्या मध्यभागी नवी भिंत बांधली जाते. त्यामुळे गुणसूत्रे उत्तम ओळखणारा पदवीधरही प्राणिपेशीची खाच न पाहताच बाहेर पडतो. कांद्याच्या काचपट्टीशेजारी विभागणाऱ्या प्राणि-अंड्याची एक काचपट्टी ठेवण्याची तजवीज प्रत्येक प्रयोगशाळेने करावी, आणि ‘ही खाच नेमकी येथेच का पडली?’ हा प्रश्न विद्यार्थ्याला उत्तर सांगण्यापूर्वी विचारावा. रॅपपोर्ट यांच्या हाती काचेचा मणी, सूक्ष्मदर्शक आणि हाच प्रश्न होता. यांपैकी एकही वस्तू आपल्या आवाक्याबाहेरची नाही.