पायांच्या अरुंद धमन्या आणि चालण्याचे औषध



भालकीच्या बाजारपेठेतून घराकडे निघालेला साठीचा एखादा गृहस्थ ठराविक अंतरावर थबकतो. पोटरी आवळून येते. चार-पाच मिनिटे उभे राहताच कळ ओसरते आणि तेवढेच अंतर चालताच पुन्हा उठते. घरची मंडळी हा वाताचा विकार समजून तेल चोळतात व त्यास ओसरीवर बसवून ठेवतात. घात होतो तो येथेच.

असे दुखणे बहुधा सांध्यांचे नसून रक्तपुरवठ्याचे असते. धमनीच्या आतील भिंतीवर मेदाचा थर साचून मार्ग अरुंद होतो. बसल्या जागी पुरणारे रक्त चालताना अपुरे पडते. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब व रक्तातील वाढलेला मेद ही त्याची प्रमुख कारणे होत. निदानासाठी घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. हे गुणोत्तर ०.९० किंवा त्याहून कमी असल्यास धमनी अरुंद झाल्याचे मानतात.

लिस्बनचे शल्यविशारद जुआंव सिद दुस सान्तुस यांनी १९४६ साली धमनीतील अडथळा खरवडून काढला. १९६४ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका स्त्रीची धमनी बारीक नळी घालून रुंद केली व कापावा लागणारा पाय वाचविला. पुढे फुग्याची व जाळीची पद्धत आली. तथापि बहुतेक रोग्यांच्या बाबतीत आरंभ शस्त्राने होत नाही.

पहिला उपाय म्हणजे विडी, सिगारेट व तंबाखू यांचा कायमचा त्याग. दुसरा, वैद्यकीय सल्ल्याने चालणे: कळ चांगली जाणवेपर्यंत चालावे, थांबावे, ती शमताच पुन्हा चालावे. असे ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून निदान ३ वेळा, किमान १२ आठवडे केल्यास वेदनारहित अंतर वाढते. जोडीला रक्त गोठू न देणारी व मेद कमी करणारी औषधे डॉक्टर देतात. पंढरीची वाट तुडविणाऱ्या या मुलखाला चालण्याचे महत्त्व नव्याने सांगावयास नको.

मात्र रात्री निजल्यावरही पाय दुखू लागला, बोट काळवंडले किंवा जखम भरेना, तर घरगुती उपाय सोडून बीदर अथवा कलबुर्गीचे मोठे रुग्णालय गाठावे. मधुमेह्यास वेदना जाणवतेच असे नाही. त्याने रोज तळवे पाहावेत आणि बधिर पायास शेक देऊ नये. पाय एकाएकी गार, पांढरा व बधिर झाल्यास सकाळची वाट पाहू नये. तेथे काही तासांचा विलंबही पाय गमावण्यास पुरेसा होतो.