रिमेक: गोष्ट नेली, दुखणं राहिलं

आज बोलू रिमेकवर.

आपल्या अकोला-अमरावतीचा प्रेक्षक हिंदीही पाहतो, मराठीही पाहतो. सिनेमाच्या धंद्यात तं आपला भाग अजूनही ‘सी. पी. बेरार’ याच नावानं ओळखतात. तो प्रांत नकाशावरून कधीचाच गेला! त्यामुळं भाषा समजत नाही म्हणून रिमेक काढतात, हे कारण इथं अर्धंच लागू पडतं. खरं कारण हिशेबाचं. नवी गोष्ट चालेल का, ही धास्ती. चाललेल्या गोष्टीचे हक्क घेतले, तं धास्ती थोडी कमी. पण हक्कांसोबत माणसं येत नाहीत. ती नव्या गावात नव्यानं उभी करावी लागतात.

१९८८ चा राजस्थानी ‘बाई चाली सासरिये’ घ्या. १९९१ मध्ये विजय कोंडके यांनी तो मराठीत आणला, ‘माहेरची साडी’. नावातच फरक पाहा. तिकडं बाई सासरी निघाली; इकडं नजर माहेराकडं वळली. साडी म्हटलं की सासुरवाशिणीला भाऊ आठवतो, भाऊबीज आठवते. अलका कुबलसोबत बायका थेटरात रडल्या. गोष्ट राजस्थानची आहे, हे कोणाच्या मनातही आलं नाही.

आता उलटा प्रवास. नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ २०१६ चा, करमाळ्याकडचा. २०१८ मध्ये तो ‘धडक’ होऊन राजस्थानात, उदयपूरला गेला. अजय-अतुलच्या चाली सोबत गेल्या. पण पाटलाची पोरगी अन् मासे धरणाऱ्याचा पोरगा, या जोडीतली जात तिथं फिकी पडली. पुढाऱ्याची मुलगी अन् हॉटेलवाल्याचा मुलगा, एवढंच उरलं.

शेवटही बदलला. ‘सैराट’मध्ये मागं उरतं ते लेकरू. ‘धडक’मध्ये लेकरू जातं, नायिका उरते. दुःख दोन्हीकडं आहे. पण ‘या लेकराला आता कोण आपलं म्हणेल?’ हा प्रश्न ‘धडक’मधून गळाला. जातीबाहेरचं लग्न निघालं की आपल्या घरांत पहिले हाच प्रश्न येते ना!

म्हणून रिमेक पाहताना मूळ सिनेमाशी सीन जुळवत बसू नका. एवढंच पाहा: गोष्टीचं दुखणं सोबत आलं, का वाटेतच उतरवून ठेवलं? उद्या कोणी वऱ्हाडातल्या कापसाची, कर्जाची गोष्ट मुंबईला नेली, तंही आपण हेच विचारायचं.

भेटू पुढच्या भागात.