‘आगगाडी आणि जमीन’ : अलंकार कोणाच्या बाजूचा?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



चळवळीतील कार्यकर्त्याला कविता पाठ असतात, परंतु त्या वाचण्याची सवय असतेच असे नाही. कुसुमाग्रजांची ‘आगगाडी आणि जमीन’ ही कविता घ्या. हिचा आशय काय असे अभ्यासवर्गात विचारले की ‘शोषण’ असे एका शब्दाचे उत्तर मिळते आणि चर्चा संपते. अलंकार, छंद, निवेदनाची तऱ्हा हे सारे शाळामास्तरांच्या परीक्षेसाठी राखून ठेवले जाते. हा समज चुकीचा आहे, आणि राजकारणाच्या दृष्टीने घातकही आहे. कवितेत कोण बोलतो आणि कोणाला बोलू दिले जात नाही, हे अलंकारच ठरवीत असतो.

‘विशाखा’ हा संग्रह १९४२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील या कवितेची रचना वरवर पाहता साधी आहे. जमीन आगगाडीची विनवणी करते. आगगाडी आपल्या बळाचा ताठा मिरवीत तिला तुच्छ लेखते. अखेर जमिनीचा संयम संपतो, पूल कोसळतो आणि गाडी खाली जाते. निर्जीव वस्तूंना माणसाचे मन व वाणी देणे याला जुने साहित्यशास्त्र चेतनगुणोक्ती म्हणते, आणि एकाला उद्देशून बोलून दुसऱ्याला ऐकविणे ही अन्योक्ती. येथे दोन्ही आहेत. ओळींची धाव चाकांच्या गतीशी जुळते, त्यामुळे मोठ्याने म्हणताना श्रोता नकळत गाडीच्या बाजूने वेग घेतो आणि शेवटी तिच्याबरोबर कोसळतो. परकी राजवट डोक्यावर असताना बलाढ्य व दुबळे यांचे नाते असे आडून मांडण्याला जो अर्थ होता, तो त्या काळच्या वाचकाला समजावून सांगावा लागला नसेल.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या कवितेत आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती कवीला अभिप्रेत होती की नाही हा प्रश्न येथे गौण आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली. ती चालविणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या भागधारकांना सरकारने भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी दिलेली होती. उत्पन्न तेवढे झाले नाही, तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायची, असा तो करार. त्या शतकात सरकारी महसुलाचा सर्वांत मोठा वाटा शेतसाऱ्याचा होता. म्हणजे लंडनच्या भागधारकाला मिळणाऱ्या हमीच्या व्याजाचा मोठा भाग अखेर जमिनीतूनच जात होता. जमीन आगगाडीचा भार वाहते हे कवितेत रूपक असेल, सरकारी हिशेबवहीत ते रूपक नव्हते.

तथापि येथेच थोडे थांबावयास हवे. सारा जमीन भरीत नव्हती. कुळ, रयत आणि त्यांच्याकडे राबणारा मजूर भरीत होते. बोरघाटातील बोगदे गाडीने खोदले नाहीत. ते खोदताना हजारो मजूर रोगराईने व अपघातांनी मेले. कवितेत यांपैकी कोणी नाही. इंजिन चालविणारा नाही, डब्यात बसलेला प्रवासीही नाही, आणि पूल कोसळतो तेव्हा तो कोणावर कोसळतो याची विचारपूस नाही. जमीन एकसंध आणि आगगाडी एकसंध, असे दोनच पक्ष उरतात. चेतनगुणोक्तीचे सामर्थ्य यातच आहे आणि तिची मर्यादाही यातच आहे. मातीला वाचा फुटली की मातीवरचा माणूस गप्प होतो. शिवाय शेवटचा विजय कोणा संघटनेचा नाही, तो निसर्गाच्या कोपाचा आहे. टाळ्या मात्र त्यालाच पडतात!

केशवसुतांनी १८८८ साली लिहिलेल्या ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ या कवितेची रीत निराळी आहे. तेथे समाजरचनेवर व्याख्यान नाही. हाकलून दिलेले एक मूल आईला विचारते, आणि आईजवळ उत्तर नसते. मुलाला वाचा मिळाल्यामुळे अस्पृश्यता ही एका घरात घडलेली गोष्ट होते. नारायण सुर्वे यांच्या मार्क्सवरील प्रसिद्ध कवितेत तर संपाच्या मिरवणुकीत एक कामगार बाई आपल्या बोलीत मार्क्सची ओळख करून देते, आणि घरातल्या वडीलधाऱ्याविषयी बोलावे तसे बोलते. प्रमाण भाषा सोडून बोली योजणे हा येथे लालित्याचा प्रश्न नाही. सिद्धांत कोणाच्या मालकीचा याचा तो निवाडा आहे. काव्यगुणांची तुलना करावयाची झाल्यास कुसुमाग्रजांच्या नादाला या कविता पोहोचत नाहीत असे कोणी म्हणेल, आणि ते मान्यही करता येईल.

भूसंपादनाविरुद्धच्या सभांत ‘जमीन आमची आई’ ही घोषणा दिली जाते. तीही चेतनगुणोक्तीच आहे आणि सभा पेटविण्यास पुरेशी आहे. परंतु वाटाघाटीच्या टेबलावर आई बसत नाही. तेथे सातबारावर नाव असलेला खातेदार बसतो, आणि त्याच शेतावर रोजाने जाणारा भूमिहीन बाहेर उभा असतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत शेतमजूर व कुळे यांचाही समावेश केला. मात्र संपादनापूर्वी तीन वर्षे ती त्या क्षेत्रात काम करीत असली पाहिजेत आणि तेच त्यांच्या उपजीविकेचे मुख्य साधन असले पाहिजे. रोजंदारीवरच्या बाईजवळ या तीन वर्षांचा कागद कोठून असणार? खातेदाराजवळ उतारा असतो, तिच्याजवळ हजेरीची चिठ्ठीही नसते. हा पुरावा सभेआधी गोळा करणे, गावकऱ्यांचे जबाब घेणे, बाधितांच्या यादीत तिचे नाव घालणे ही कामे घोषणेत कोठेच दिसत नाहीत, म्हणून ती राहून जातात.

सभेच्या आरंभी ही कविता जरूर म्हणावी, आणि खड्या आवाजात म्हणावी. ती संपल्यावर मात्र व्यासपीठावरून बाधितांची यादी वाचावी आणि खातेदारांची नावे झाली तरी वाचन थांबवू नये.