पाणी सारखं झालं की दार उघडतं

मागच्या बैठकीत तुम्ही म्हणालात, "ताई, इंग्लंडला बहिणीकडे जाऊन आलात, तिथलं काहीतरी रेडिओवर सांगा." राजवाडे तुम्ही टीव्हीवर पाहिलेत. आज आम्ही तुम्हाला कालव्यावर नेतो.

आम्ही तिघी मायलेकी. आई, धाकटी बहीण आणि तुमची ताई. ऑक्सफर्ड कालव्यावर क्रॉप्रेडी नावाचं खेडं आहे. तिथून एका दिवसासाठी आम्ही नॅरोबोट भाड्याने घेतली. रुंदी जेमतेम ७ फूट, म्हणजे आपल्या एसटीपेक्षाही अरुंद. वेग माणसाच्या चालण्याइतका. दोन्ही बाजूंना कुरणं, मेंढ्या, विटांचे छोटे पूल. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. हे अंगवळणी पडेपर्यंत आम्ही दोनदा काठाच्या झुडपात घुसलो.

हा कालवा १७९० साली ऑक्सफर्डपर्यंत पुरा झाला. मुख्य माल कोळसा. तेव्हा काठावरून घोडा चालायचा आणि दोराने बोट ओढायचा. पुढे बोटवाल्यांची अख्खी कुटुंबं बोटीच्या मागच्या इवल्याशा खोलीत राहू लागली. तिथंच चूल, तिथंच बाळंतपण. सुकाणू धरायला बाईच, पण मजुरी नवऱ्याच्या नावावर. बोट सतत फिरती, त्यामुळे पोरांची शाळा बुडायची. दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले, तेव्हा शहरातल्या बायका शिकून या कामावर आल्या. लंडन ते बर्मिंगहॅम, बोटींच्या जोडीवर सुमारे ५० टन माल! त्यांच्या बिल्ल्यावर 'आयडब्ल्यू' अशी अक्षरं होती. लोकांनी त्याचा अर्थ लावला 'आयडल विमेन', म्हणजे आळशी बाया. ऐका!

आता आमची फजिती. कालव्यात उतार आला की लॉक लागतं. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या झडपा उघडायच्या. पाणी उतरतं, तशी बोटही खाली जाते. पण मागच्या दाराशी पाण्याखाली दगडी उंबरा असतो. बोट त्याच्यावर टेकली तर मागची बाजू वर अडकते, पुढची खाली जाते आणि बोट बुडू शकते. बहीण वर झडपेपाशी, आम्ही सुकाणूवर गप्पांत रंगलेलो. तेवढ्यात आई ओरडली, "अगं, मागची बाजू वरच राहतेय!" बहिणीने ताबडतोब झडपा पाडल्या, वरच्या बाजूने हळूहळू पाणी आत सोडलं, बोट पुन्हा तरंगली. आमचे हात बराच वेळ थरथरत होते.

सकाळी बोटवाल्याने भिंतीवरची पांढरी खूण दाखवून सांगितलं होतं, तिच्या पुढे राहा. आम्हा दोघींना इंग्रजी येतं, म्हणून आम्ही अर्धवट ऐकलं. आईला भाषा कळत नव्हती, म्हणून ती त्याच्या हाताकडे नीट बघत होती.

परतताना आम्ही खाली आणि लॉक भरलेलं. ते रिकामं करून आत जाता आलं असतं, पण वरून एक बोट येत होती. आम्ही थांबलो. ती उतरली, तिच्यासोबत पाणीही उतरलं आणि त्याच रिकाम्या लॉकमध्ये आम्ही शिरलो. एका खेपेला लाखभर लिटर पाणी जातं. दोन बोटींचं काम एकाच पाण्यात झालं. पाटाच्या पाळीवरून भांडणाऱ्या आपल्याला हे कळायला हवं.

आणि ते दार! दोन्ही बाजूंचं पाणी सारखं होईपर्यंत तिघींनी पाठ लावली तरी हललं नाही. पाणी सारखं झालं आणि आईच्या एका रेट्याने उघडलं.

मैत्रिणींनो, पुढच्या आठवड्यात गटाच्या शेवयांच्या मशीनचं प्रशिक्षण आहे. जिला वाचता येत नाही, ती नेहमी मागे बसते. या वेळी तिला पहिल्या रांगेत, मशीनजवळ बसवा. नमस्कार.